उलटं पाणी

टोळाचा पाय. वाळून काचेसारखा झालेला, जाळीच्या दोन पात्यांमध्ये असा उभा अडकलेला, की उरलेला टोळ आत कुठंतरी बसून आहे आणि एवढा एक पाय त्यानं—

‘आईला आवाजावरून माणूस कळतंय.’

जर्मनच्या पातेल्यात रात्रभर भिजलेली चिंच. सालं वर, गाळ खाली.

थंड हळदीला वास असतो असं वाटत नाही. तापली की असतो.

दोन वाजता. निघायचं नव्हे, पोचायचं.

भोक बुजलेलं दिसलं की हात लावू नये, कुणी बुजवलं ते विचारू नये.

नागनाथने हिराची काडी पात्यांमध्ये घातली आणि टोळाचा पाय अलगद पलीकडे ढकलला. रेडिएटर अंगणात दोन दगडांवर आडवा ठेवला होता. तो काढल्यावर जीपच्या तोंडात जी पोकळी राहिली होती तिच्यातून पंखा दिसत होता, पंख्यामागे इंजिन, आणि ते सगळं इतकं उघडं, की सकाळीच त्याने तिच्यावर एक गोणपाट टाकलं होतं. राजूबाई दारात चिंचोके वेचत बसली होती. ‘तिला लाज वाटायली का?’ तिने विचारलं होतं. कालपासून तो कमीच बोलत होता.

महिनाभर गाडी तापत होती. कमलनगरच्या स्टँडवरून माणसं भरायची, तीन-चार गावं करायची आणि चढ आला की काटा लाल रेघेकडे जाताना बघत राहायचं, हा सगळा मार्च महिना त्याने असाच काढला होता. दोष पाण्याचा. वस्तीतल्या हापशाचं पाणी खारं. घरातल्या तपेल्याला आतून ज्या पाण्याने पांढरं कवच येतं तेच तो सहा वर्षं रेडिएटरला पाजत आला होता, आणि रेडिएटरच्या नळ्या तरी केवढ्या, आगपेटीतल्या काडीएवढं त्यांचं तोंड. कवच धरायला वेळ तो काय लागतो. भालकीचा मिस्त्री म्हणाला, तेजाबाने धुतो, तीन दिवस ठेवून जा. तीन दिवस नव्हते. काल संध्याकाळी रामराव आला होता.

म्हणून चिंच. चिंचेने तांबं उजळतं, पितळ उजळतं, आणि रेडिएटर म्हणजे दुसरं काय असतं.

त्याने खालची तोटी उघडून आधीच सगळं पाणी काढलं होतं. आता खालच्या नळाच्या तोंडाशी नरसाळं धरून तो चिंचेचं पाणी ओतू लागला— खालून, उलटं. पाणी गाडीत नेहमी वरून खाली जातं. धुताना ते खालून वर न्यायचं, म्हणजे ज्या वाटेने घाण येऊन बसली त्याच वाटेने ती परत निघते. हे त्याला गुरुशांतप्पांनी शिकवलं. गाडीतलं जे काही येतं ते सगळं त्यांनीच शिकवलं, भालकीत, त्यांच्या भुसाराच्या दुकानामागे, जिथे हीच जीप तेव्हा हिरव्या रंगाची उभी असे. ‘तम्मा,’ ते धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणत, ‘बैलाला तान लागली तर बैल हंबरतंय. इंजिनाला तान लागली तर ते बोलत न्हाई, मरतंय. म्हून इच्यारायचं आपण.’ कानडी वळणाचं मराठी, तोंडात पान, आणि शिकवताना हात कधी मागे घेतला नाही, पान्हा दिला तर हातात दिला, जमिनीवर ठेवून ‘घे’ म्हणाले नाहीत. ही गोष्ट लहान आहे. लहान आहे, पण ती रोज घडली, अकरा वर्षं, आणि रोज मला—

तर रामराव.

स्टँडवर तो सरळ नागनाथच्या जीपपाशी आला. पस्तिशीचा, धोतर नव्हे, पॅन्ट. म्हणाला, आईला बीदरला न्यायचंय, डोळ्याचं ऑपरेशन, उद्या संध्याकाळी भरती, परवा सकाळी ऑपरेशन. बसमध्ये ती बसत नाही, दिसत नाही म्हणून घाबरते. ‘दोन वाजता आखाड्यावर यायचं, शेतातल्या घरी. मेहकरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच हाय, दारात लिंब.’ नागनाथने मान हलवली. लिंब त्याला माहीत होता. रामराव विडी पेटवून जरा मोकळा झाला. ‘आईला काईच दिसत न्हाई आता. पर आवाजावरून माणूस कळतंय. धा वरसाखाली एकदा बांगडीवाला येऊन गेला होता, परवा पुन्हा आला, त्यानं “अक्का” म्हणलं की हिनं नाव सांगितलं त्याचं. आमच्या घरात कुणाला लबाडी करता येत न्हाई, बघा.’

तेव्हा नागनाथने पुन्हा मान हलवली. मोजून तीन शब्द तो बोलला होता, ‘बरं’ आणि ‘येतो बघा’.

चिंचेचं पाणी वरच्या तोंडापर्यंत आलं. त्याने दोन्हीकडे कापडाचे बोळे ठोकले आणि रेडिएटर हातावर घेऊन हळूहळू इकडून तिकडे झुलवू लागला. लेकराला झोपवावं तसा, असं राजूबाई म्हणाली असती, पण ती आत गेली होती. आतून काहीतरी सुटत असल्याचा आवाज येत होता, वाळू सरकल्यासारखा. हा आवाज चांगला. आणि हाच वाईट. कारण क्षार सुटतो तेव्हा तो निवडून सुटत नाही. जिथे तो नळी बुजवून बसला तिथूनही निघतो, आणि जिथे तो एखादं भोक बुजवून बसला तिथूनही. खालच्या अंगाला, डावीकडून तिसऱ्या नळीला, एक भोक होतं. बारा वर्षांपूर्वीचं. कथलाचा डाग कधी दिला नव्हता. ते भोक आज उघडं पडलं तर दोन वाजता तो तिथे पोचत नाही. उघडं पडू नये म्हणून न धुता नेलं तर बीदरच्या अलीकडच्या चढावर उन्हात गाडी उभी राहते, आणि मागच्या सीटवर रामरावची आई. पुन्हा ती, पुन्हा ही गाडी, पुन्हा वाफ. फक्त या वेळी पाणी आणायला तिच्या घराचं दार जवळ नसेल.

गुरुवार होता. तारीख आठवत नाही. एप्रिल, १९७३. राजूबाई पहिलटकरीण, माहेरी आलेली, दोन दिवस कळा देऊन थकलेली. सुईण हात पुसून बाजूला झाली तेव्हा निरोप आला आणि तो गुरुशांतप्पांसमोर जाऊन नुसता उभा राहिला. त्यांनी गल्ल्याखालून चावी काढून त्याच्याकडे फेकली. एवढंच म्हणाले, ‘जा.’ त्याने राजूबाईला मागे गोधड्यांवर घातलं, तिची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि भालकीच्या दवाखान्याकडे निघाले तर मेहकरच्या अलीकडे वाफ. खालून धार. ऊन असं, की टपकलेलं पाणी मातीवर डाग पडायच्या आत—

लिंब होता. घर होतं. तो धावला.

ओसरीत एक बाई सूप घेऊन बसली होती. ‘अक्का, पाणी,’ तो म्हणाला. तिने आधी गाडीकडे पाहिलं, गाडीतल्या पायांकडे पाहिलं, आणि मग सूप बाजूला ठेवलं. ‘तिला आत आणा आदी. उनात कामून ठिवलंव?’ राजूबाईला दोघींनी मिळून ओसरीत आणलं. तेव्हाच अक्काने विचारलं. विचारतातच. ‘कुणाचे म्हणायचे तुम्ही?’

आणि तो म्हणाला, ‘भालकीच्या गुरुशांतप्पांचे.’

खोटं नव्हतं. गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा. रोज कुणीही विचारलं तर तो हेच सांगे. पण ती गाडीचं विचारत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं, आणि ‘हां, मोठं घर,’ असं म्हणून ती आत वळली तेव्हा तिने काय समजून घेतलं तेही त्याला ठाऊक होतं, आणि त्याने तिला थांबवलं नाही. ओठ उघडले होते. घागर पुढे आली. त्याने ओठ मिटले आणि घागर घेतली.

पहिली घागर रेडिएटरमध्ये गेली आणि खालून निघून गेली. मग त्याला गुरुशांतप्पांची युक्ती आठवली. वाटेत रेडिएटर गळाला तर हळद टाकायची, ती पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन फुगते आणि बसते. तो पुन्हा ओसरीत गेला.

‘अक्का, जरा हळद पाहिजे होती.’

‘हळद? कुणाला लागलंय?’

‘गाडीला.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. ‘कामून, लगीन हाय का गाडीचं?’

राजूबाईची आई, त्या तसल्या वेळी, फसकन हसली होती. मग अक्काने देवळीतून हळदीकुंकवाचा करंडा आणला. तिला वाटलं, अडलेल्या गाडीला बोटभर लावतात तसं काही असेल. तिने चिमूट उचलली सुद्धा. ‘अक्का, मूठभर लागंल,’ तो म्हणाला. ती थांबली. आत गेली. आली तेव्हा पितळी वाटी भरलेली होती, शिगोशीग, कडेवरून सांडणारी. ‘यंदाची हाय,’ ती म्हणाली. ‘आमच्या रामाच्या हळदीला दळून ठिवलेली. घाल तुझ्या गाडीला.’ आणि दुसरी घागर. आणि तिसरी. आणि निघताना करंड्यातली ती चिमूट, उचललेली ती परत ठेवता येत नाही म्हणून की काय, तिने वाकून राजूबाईच्या कपाळाला लावली.

गाडी भालकीपर्यंत गेली. हळदीचा उकळलेला वास साऱ्या वाटेत, लग्नघरासारखा. मुलगी झाली. आता बारा वर्षांची, सकाळी दप्तर घेऊन शाळेत गेली. राजूबाई आत भाकरी थापते आहे, तिच्या हाताचा थप्-थप् आवाज येतो आहे. दोन जीव. मूठभर हळद, तीन घागरी.

आणि मी एकदाही तिकडे गेलो नाही.

जायचं म्हणजे काय म्हणून जायचं? आभार मानायचे तर नाव सांगावं लागतं. नाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की वस्ती. आणि मग ती मनातल्या मनात त्या घागरी पुन्हा घासायला बसली तर? बारा वर्षांनी एखाद्याचा धर्म बाटवायला जावं तसं ते झालं असतं. आमच्या वस्तीत पंचशील म्हणतात, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, मीही म्हणतो, दर पौर्णिमेला, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, आणि दर वेळी त्या ओळीवर मला तो लिंब दिसतो. त्या रस्त्याने हजारदा गेलो. आखाडा आला की पाय आपोआप जरा वर उठतो, गाडी मंदावते, मागची माणसं विचारतात, काय झालं? काही नाही. खड्डा आहे. तिथे खड्डा नाही.

गुरुशांतप्पांनी सहा वर्षांपूर्वी गाडी विकायला काढली तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दाखवलीच नाही. ‘तूच घे, तम्मा. तुझ्याच हाताची हाय.’ भोकाबद्दल त्याने विचारलं, डाग देऊन घेऊ का? तर त्यांनी ते वाक्य सांगितलं. बुजलेलं दिसलं की हात लावू नये.

आज लावला.

त्याने वरचा बोळा काढला. चिंचेचं पाणी बाहेर पडलं— तपकिरी, मग करडं, पांढऱ्या पापुद्र्यांनी भरलेलं, मग पिवळं. पिवळं? तो ओंजळ करून बसला. पिवळसर गाळ बोटांवर आला. त्याने वास घेतला. चिंचेचा वास. बोटांत चोळून पाहिला. गंजही असाच पिवळा असतो, पितळेचा मळही. हळद बारा वर्षं राहते का पाण्यात? कोण सांगणार. त्याने बोट जिभेला लावलं आणि आंबट-खारट काहीतरी लागलं, लोखंडासारखं. थुंकला नाही.

‘काय खायलाव?’ राजूबाई दारात उभी होती. हाताला पीठ.

‘काही नाही.’

ती येऊन शेजारी उकिडवी बसली, गाळाकडे बघत. मग सहज म्हणाली, ‘नागूबाईच्या आखाड्यावर जायचंय म्हणं तुम्हाला. स्टँडवरून बळीरामची बायको सांगत होती.’

नागूबाई. तिचं नाव नागूबाई. बारा वर्षं त्याच्याकडे फक्त ‘अक्का’ होतं.

‘तुला नाव माहीत आहे तिचं?’

‘व्हय की. तिनंच सांगितलं. ती नागूबाई, मी राजूबाई.’

‘कधी?’

‘वसरीत पडले होते तवा. तिनं इचारलं, माहेर कुठलं, लेक कुणाची. मी सांगितलं, बुद्धवाड्यातली, किशनरावाची लेक. आमच्या अप्पाला सगळा शिवार वळखत होता.’

पाण्याचा शेवटचा थेंब रेडिएटरच्या तोंडाशी लोंबत होता. पडला.

‘सांगितलंस तू?’

‘इचारल्यावर काय करू? कळा यायल्या होत्या मला, बनवून सांगायला सुचतंय का तवा?’

‘मग ती काय म्हणाली?’

‘काई न्हाई. म्हणली, कळ आली की पदर दाताखाली धर.’

आत चुलीवरची भाकरी करपत असावी, वास येत होता; तिलाही येत होता, पण ती उठली नाही.

‘हे मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही कवा इचारलं? त्या आखाड्याचं नाव काढलं की तुम्ही तोंड फिरवायलाव. मला वाटलं, तुम्हाला त्या दिवसाचं भ्या बसलंय.’

आणि ती भाकरीकडे गेली.

आधी त्याला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. आधी आला तो राग— बारा वर्षं एक चोरी उराशी धरून बसलो आणि चोरी झालीच नव्हती, दार उघडंच होतं, माझी बायको सांगून मोकळी झाली होती दातांत पदर धरून, आणि मी, मी बाहेर रस्त्यावर टोपण उघडत— कधी? हे कधी झालं? पहिल्या घागरीच्या आधी की नंतर? त्याने हातातली काडी खाली ठेवली. पहिली घागर तिने दिली ती मी सांगितलेल्या नावावर, हे नक्की, कारण ती लगेच दिली. मग मी गाडीकडे गेलो. तेवढ्या वेळात राजूबाईने सांगितलं असेल. म्हणजे मी परत आलो आणि हळद मागितली तेव्हा तिला माहीत होतं. ‘लगीन हाय का गाडीचं’ म्हणाली तेव्हा माहीत होतं. करंडा ठेवून आत गेली, रामाची हळद काढली, वाटी भरली, शिगोशीग भरली, तेव्हा—

की नंतर सांगितलं? हळदीनंतर, तिसऱ्या घागरीच्या वेळी?

पण चिमूट तर अगदी शेवटी लावली. निघताना. आणि तांब्या? मला प्यायला तिने तांब्या दिला होता, हातात, वरून ओतलं नव्हतं. हे आठवतं, कारण तेव्हा मी ओंजळ पुढे केली होती, सवयीने, आणि तिने ती ओंजळ तशीच राहू देऊन तांब्या माझ्या डाव्या हाताला टेकवला होता. तो तांब्या पहिल्या घागरीबरोबर आला की तिसऱ्या?

‘राजू,’ त्याने आत हाक मारली. ‘पहिली घागर नेली तेव्हा सांगितलंस की मागून?’

‘कळ मोजत होते, घागरी न्हाई,’ आतून आवाज आला.

खरंच होतं. तिलाही ठाऊक नाही. हे एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्या माणसाला आता दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

त्याने खालचं तोंड घट्ट बुजवलं, रेडिएटर साध्या पाण्याने भरला, उभा केला आणि त्याच्यासमोर बसला. बारा वाजले असतील. सावली पायाखाली आली होती. जाळी आता तांबूस, स्वच्छ, पलीकडचं कुंपण तिच्यातून दिसत होतं. डावीकडून तिसरी नळी, खाली. त्याने धोतराच्या सोग्याने ती जागा कोरडी पुसली आणि बघत राहिला. कोरडी. कोरडी. मग तिथे एक ठिपका आला, मोहरीएवढा, चमकणारा. तो थेंब होईल म्हणून त्याने वाट पाहिली. झाला नाही. वाळेल म्हणून वाट पाहिली. वाळला नाही. तसाच राहिला, जसा एखादा माणूस दारात उभा राहतो, ना आत ना बाहेर. घरात हळद होती, डब्यात. तो उठला नाही.

नळीकडे बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून ज्या एका गोष्टीची तो मनात तयारी करत होता— बीदरपर्यंत कसं गप्प राहायचं, हॉर्न वाजवून कसं बोलवायचं, पैशांचं रामरावशी खुणेने कसं उरकायचं— ती सगळी तयारी कुठेतरी गळून गेली आहे. तिच्या जागी भीती असायला हवी होती. भीती नव्हती असं नाही. पण तिच्यापुढे दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते इतकं मोठं होतं की छातीत त्याला जागा करताना दुखत होतं. आजवर त्याला वाटत होतं की आपण तिच्याकडून घेतलं. आज पहिल्यांदा वाटलं, तिने दिलं. घेतलेलं लपवता येतं, बारा वर्षं लपवलं. दिलेल्याचं काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने रेडिएटर उचलून जीपपाशी नेला, गोणपाट काढलं, चारही बोल्ट हाताने बसवून मग पान्ह्याने आवळले, वरचा होज, खालचा होज, क्लिपा. काम करता करता तो बोलू लागला. आधी पुटपुटत, मग नीट, नेहमीच्या आवाजात, तोंड त्या जाळीपाशी असल्यामुळे आवाज जरा घुमत होता. ‘अक्का,’ तो म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, जसा त्या दिवशी ओसरीच्या पायरीवरून म्हणाला असेल तसा. ‘अक्का, मी नागनाथ. किशनरावाचा जावई.’ पुढचं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. पण तेवढं ऐकून ती काय म्हणेल याचं त्याला आता कुतूहल होतं, एखाद्या गोष्टीत पुढे काय झालं असं विचारणाऱ्या माणसाचं कुतूहल. आणि ती काहीच म्हणाली नाही तर बीदरपर्यंतचा रस्ता लांब आहे, ही गोष्ट त्याला आज पहिल्यांदाच बरी वाटली.

आतून राजूबाईने विचारलं, कुणाशी बोलायलाव.

१९७३च्या एप्रिलात, दुष्काळात, मेहकरच्या त्या आखाड्यावर प्यायचं पाणी दीड कोसावरून, बैलगाडीत एका पिंपातून, दिवसाआड येत असे.